स्वतःच्या मापाचा झगा

वैनीची आणि माझी शेवटची भेट एका गाऊनवरून भांडण्यात गेली. भांडण माझ्याशी नव्हतं, गाऊनशीच होतं. दवाखान्यातला तो फिकट निळा, पाठीमागे नाड्या असलेला गाऊन, गळा इतका मोठा की एका खांद्यावरून सारखा घसरायचा. छातीला वायरी लावलेल्या, नाकात नळी, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हणून बजावलेलं, आणि बाईसाहेब दोन बोटांत त्या गळ्याची कड धरून मला दाखवताहेत... "हे बघ गं शालू, हे कुणी कापलंय? पुढचा गळा आणि मागचा गळा एकच ठेवलाय. माणसाला पाठ वेगळी आणि पोट वेगळं असतंय, ठाऊक नाही काय त्याला?" मी म्हटलं, "वैनी, गप पड बघू. तू इथं बरी व्हायला आलीयस." त्यावर ती हसली. ती हसली की वायरींचं ते यंत्र टूं टूं करायला लागायचं, म्हणून नर्सनं मलाच बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गावर असताना शिपाई बोलवायला आला. ऑफिसात फोन होता. पलीकडून माझा भाऊ नुसतं "शालू..." म्हणाला आणि थांबला. मला कळलं.

त्याला आता काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं अजून येताहेत. कॉफी पितात, माझ्या म्हाताऱ्या वडलांकडे बघून मान हलवतात आणि जाताना दारात हमखास म्हणतात, "बिचारी! सगळा जन्म दुसऱ्यांची काज-बटणं करण्यात गेला." सुरुवातीला मी गप्प बसले. आता मात्र माझं डोकं फिरतं. माझी वैनी आणि बिचारी? तिच्या आयुष्यात एक लढाई झाली, ती तिनं जिंकली, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत मी तिथं हजर होते. त्या बिचारी म्हणणाऱ्यांसाठीच हे लिहितेय. वाचून झाल्यावर हवं तर त्यांनी पुन्हा कॉफीला यावं.

आम्ही पिढीजात शिंपी. आमचे पूर्वज कुणाच्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला इकडे आले आणि फौज परत गेली तरी इथंच राहिले, असं घरात सांगतात; खरंखोटं देव जाणे. कित्येक पिढ्या बंगळुरात काढून आमचं मराठी असं झालंय की पुण्याचे पाहुणे ऐकून गालातल्या गालात हसतात. मल्लेश्वरमच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, पुढे दुकान, मागे घर. दुकानात माझे वडील, अण्णा, कटिंग मास्टर. मोठा भाऊ, दादा, मशीनवर. आणि मागच्या खोलीत, गिऱ्हाइकाला दिसणार नाही अशा जागी, दादाची बायको इंदू, माझी वैनी. काज, बटणं, हूक, साड्यांचे फॉल, पँटच्या पायांची हातशिलाई, सगळं तिच्याकडे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिच्या हातात सुई आली. मी त्या घरातली बिनलग्नाची नणंद, मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी. नणंदेनं भावजयीला छळायचं असतं म्हणतात. आमच्याकडे तिनंच मला छळलं, पोट फुटेस्तोवर जेवू घालून आणि मनसोक्त टिंगल करून.

कापायचं काम मात्र अण्णांचं. कटिंगच्या टेबलाला आमच्या घरात देव्हाऱ्याचा मान होता. त्याला टेकायचं नाही, त्यावर पेलासुद्धा ठेवायचा नाही. अण्णा कागदावर आधी आकृती वगैरे काढत नसत. माप घ्यायचं, जरा वेळ कापडाकडे बघायचं आणि खडूनं थेट रेघ मारायची. दादाच्या हाती कात्री आली तीही लग्नानंतर. बायकांच्या हाती तर कधीच नाही. का, तर "शिवण उसवता येतेय, कापलेलं परत येत नाही. गिऱ्हाइकाचं कापड आहे." हे वाक्य मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. शिंप्याची मुलगी मी, पण मला साधा रुमाल कापता येत नाही. मी पुस्तकांकडे वळले आणि सुटले. वैनी कुठे जाणार होती?

आणखी एक गोष्ट. अख्ख्या मल्लेश्वरमची मापं आमच्या दुकानात होती, पण वैनीचं माप कुणी कधी घेतलं नव्हतं. लग्नात माहेरून आलेल्या एका ब्लाउजवरून दुसरं, दुसऱ्यावरून तिसरं, अशी तिची ब्लाउजं बेतली जायची. तीही गिऱ्हाइकांचं सगळं आटपल्यावर, सणाच्या आदल्या दिवशी, उरल्यासुरल्या कापडातून. दंडात घट्ट, पाठीत ढगळ. वैनी त्यावरून कधी कुरकुरली नाही. एकदा फॉल लावता लावता मान वर न करता एवढंच म्हणाली, "शालू, सगळ्या गावाचं माप आहे गं इथं. माझंच तेवढं नाही." आणि दातांनी दोरा तोडला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल. दसरा-दिवाळीची गर्दी उरकली आणि वैनीला चक्कर आली. रक्तदाब बराच वाढला होता. डॉक्टर तरुण होते, आमच्या भागात नवे होते, आमचं दुकान त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं की नुसत्या गोळ्यांनी भागणार नाही, मन रमेल असं काहीतरी करा. विणकाम करा, शिवणकाम करा, बायकांना शिवणकामानं फार शांत वाटतं. मी वैनीकडे पाहिलं, वैनीनं माझ्याकडे... आणि आम्ही दोघी अशा काही हसलो की बाहेर बसलेले पेशंट दारातून डोकावले. ऑटोत बसल्यावरही तिचं चालूच होतं, "शिवणकाम कर म्हणे! म्हणजे इतकी वर्षं मी काय झोपा काढत होते?"  पण उतरताना म्हणाली, "तो डॉक्टर काही खुळा नाही गं. वाटत असेल शांत... दुसऱ्याचं नसलं तर."

पुढच्या रविवारी मला जुनी पुस्तकं बघायला अव्हेन्यू रोडला जायचं होतं. तिलाही ओढून नेलं. मी एका फूटपाथवरच्या ढिगात रसायनशास्त्र शोधत होते आणि वैनी शेजारच्या ढिगात जुन्या परदेशी मासिकांतली चित्रं बघत होती. त्यात तिला एक पाकीट सापडलं. वर चित्र होतं: एक गोरी बाई, हातांत पांढरे हातमोजे, डोक्यावर बशीएवढी टोपी, कंबर मुठीत मावेल एवढी आणि खाली हा घेर. आत पातळ, करकरीत कागदाचे मोठमोठे तुकडे, घड्या घातलेले, त्यांवर ठिपके, बाण आणि त्रिकोण. फ्रॉक कापायचे नमुने होते ते, आम्ही दोघी परकर घालून फिरत असू त्या काळातले. कुणा कँटोन्मेंटमधल्या मडमेनं हौसेनं आणले असतील आणि कधी वापरले नसतील. एकही तुकडा फाटलेला नव्हता. वैनी तिथंच फूटपाथवर मांडी घालून बसली आणि एकेक तुकडा उन्हात धरून बघायला लागली. विकणारा वैतागून म्हणाला, "अक्का, बेकाद्रे तगोळ्ळि, इल्लांद्रे बिडि." हवं तर घ्या, नाहीतर सोडा. वैनीनं घेतलं.

येताना बसमध्ये पाकीट मांडीवर धरून ती म्हणाली, "मी हा झगा शिवणार. माझ्या मापाचा. आणि कापणार मीच." आमच्या घरी फ्रॉकला झगाच म्हणतात. मी विचारलं, "आणि घालून जाणार कुठं?" तिनं खिडकीबाहेर बघितलं. "संपिगे रोडला," ती म्हणाली. संपिगे रोड म्हणजे आमच्या भागातला सगळ्यात गजबजलेला रस्ता, जिथं आमच्या दुकानाचं एक तरी गिऱ्हाईक भेटल्याशिवाय राहत नाही. चाळिशी उलटलेली, कुंकू लावणारी, अंबाड्यात फूल माळणारी, शिंप्याच्या घरची सून. मला वाटलं, गोळ्यांचा परिणाम असावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानाच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"अण्णा, एक झगा कापायचाय."

"कुणाचा? माप घेतलं?"

"माझा. आणि मीच कापणार आहे."

दादाचं मशीन थांबलं. अण्णांनी चष्मा कपाळावर नेला आणि ठरलेलं वाक्य सुरू केलं, "कापलेलं परत येत नाही, इंदू. गिऱ्हाइकाचं..."

"गिऱ्हाइकाचं नाही ते. कापड माझं, अंग माझं. चुकलं तर माझंच चुकेल की."

इतक्या पिढ्या चाललेल्या नियमाला इतकं साधं उत्तर असेल, हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. अण्णांनाही नसावं. त्यांनी तिच्या हातातला नमुन्याचा कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि नाक मुरडलं. "ह्या कागदातली बाई कोण? हिला कुणी बघितलंय? न बघितलेल्या माणसाचा कपडा कागदावर होत नसतोय." मग कागद परत देत म्हणाले, "कर काय ते. माझ्या टेबलावर नाही."

"सरी," वैनी म्हणाली, म्हणजे बरं, आणि चिकपेटेच्या कापडबाजारात जाऊन कापड घेऊन आली. शेवाळी हिरवं पॉपलीन, त्यावर बारीक पांढरी फुलं. सोबत एक मोठी कात्री, स्वतःची. टेबल नाही तर नाही. मागच्या खोलीची लाल फरशी तिनं पुसून घेतली आणि त्यावर कापड अंथरलं. पाकिटातल्या सूचना इंग्रजीत होत्या, म्हणून मी स्टुलावर बसून वाचायचं आणि तिनं फरशीवर गुडघे टेकून करायचं, अशी वाटणी झाली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की शिवणीसाठी लागणारी जागा ह्या तुकड्यांतच धरलेली आहे, कडेला धरून कापावं. मी ते वाचलं, मराठीत सांगितलं, तिनं मान डोलावली, "सरी, कळलं" म्हणाली, आणि खडू हातात घेऊन कागदाच्या कडेपासून चांगली दीड बोट बाहेरून रेघ मारत गेली. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. आमच्या घरात रेघ नेहमी तशीच पडताना मी पाहत आले होते. मग तिनं कात्री उचलली. पहिला कर्रकन आवाज झाला आणि ती थांबली. "कसं वाटतंय?" मी विचारलं. "गप बस. वाच पुढं." पण तिचे कान लाल झाले होते, आणि ते लाज वाटून नव्हे.

काही रविवारांनी झगा उभा राहिला. घालून ती दुकानात आली आणि आम्ही तिघंही गार झालो. खांदे दंडावर उतरलेले, कंबर पोटाखाली, आणि पाठीत एवढी जागा की दादा म्हणाला, "इंदू, मागून मीपण येऊ काय आत?" मग मात्र हसून हसून आमची पुरेवाट झाली. अण्णा हसले नाहीत. "सांगितलं होतं," ते म्हणाले, "कागदाचं काम आहे ते." मला वाटलं, आता ही रडणार. सगळा महिनाभराचा उत्साह, ते टोकाचं बोलणं, आणि शेवटी हे गोणपाट. पण वैनी आरशासमोर उभी राहून बगलेखालची शिवण उलटी करून चाचपत होती. बराच वेळ चाचपत होती...

"कागद बरोबर आहे, अण्णा," ती म्हणाली. "चूक आपल्या घराची आहे."

आणि ती खरंच आमच्या घराची होती. आमच्या दुकानात आत भरपूर कापड सोडल्याशिवाय काही शिवलंच जात नाही. माणूस जाडावणार, पोरगी वाढणार, पुढच्या वर्षी उसवून मोठं करावं लागणार, हे धरूनच आम्ही कापतो. त्या मडमेच्या कागदानं शिवणीची जागा धरली होती. वैनीच्या हातानं त्यावर आणखी धरली, प्रत्येक तुकड्याला, चहूबाजूंनी. "शालूनं वाचलेलं कानांनी ऐकलं," ती म्हणाली, "हातानं ऐकलं नाही." मग अण्णांकडे वळून, डोळ्यांत मिश्कील हसू आणून, "पण बरं झालं की. जास्तीचं कापलंय, ते कमी करता येतंय. तुमच्या भाषेत सांगायचं तर, परत येतंय."

अण्णा टेबलाकडे वळले. वैनीनं झगा काढला आणि उसवायला बसली.

त्या उसवण्याबद्दल मला सांगितलंच पाहिजे, कारण डॉक्टर म्हणत होते ते तिला तिथं सापडलं. आमच्या घरात प्रत्येक कपड्याला एक तारीख असते. युगादीच्या आत, गौरीच्या आत, मुहूर्ताच्या आत, शाळा उघडायच्या आत. घड्याळाकडे बघत शिवलं नाही असं काही वैनीनं जन्मात शिवलं नव्हतं. आता दुपारी ती खिडकीशी बसायची, मांडीवर तो हिरवा ढीग, आणि एकेक टाका सुईच्या टोकानं उचलायची. बोटं सावकाश चालायची. मधेच थांबून समोरच्या नारळावरच्या खारीकडे बघायची. वरच्या मजल्यावरच्या पद्मक्कांनी एकदा विचारलं, "यावाग कोडबेकु?" कधी द्यायचंय हे? वैनीनं कन्नडमध्येच सांगितलं, "यारिगू इल्ल." कुणालाच नाही. मग ते उत्तर तिला इतकं आवडलं की दिवसभर गुणगुणत राहिली, यारिगू इल्ल, यारिगू इल्ल. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी पट्टा दोनदा बांधून पाहिला. रक्तदाब उतरला होता. "काय केलंत?" त्यांनी विचारलं. "उसवलं," वैनी म्हणाली.

पुन्हा जोडायची वेळ आली तेव्हा नवी अडचण उभी राहिली. जुन्या ब्लाउजवरून झग्याची कंबर कशी काढणार? आणि स्वतःच्या पाठीचं माप स्वतःला घेता येत नाही. मी प्रयत्न केला. टेप उलटा धरला आणि तिची कंबर कपाटापेक्षा रुंद काढली. शेवटी वैनी दुकानात जाऊन दादासमोर उभी राहिली. "अहो, माझं माप घ्या." दादानं हजारो लोकांची मापं घेतली असतील. पण त्या दिवशी त्याचे कान लाल झाले. त्यानं गळ्यातला टेप काढला, एकदा अण्णांकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे, आणि मग हळूच तिच्या खांद्यापासून खांद्यापर्यंत टेप लावला. गिऱ्हाइकाचा आकडा तो मोठ्यानं सांगतो. हा त्यानं अगदी हळू आवाजात सांगितला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि नवरा पहिल्यांदाच तिचं माप घेत होता. मी दारातून आत गेले. तिथं उभं राहणं बरं दिसलं नसतं. पण खरं सांगते, आत जाऊन मी डोळे पुसले.

झगा दुसऱ्यांदा तयार झाला तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. संध्याकाळ होती. आतून ती बाहेर आली... आणि वैनीला खांदे आहेत, कंबर आहे, सरळ सुंदर पाठ आहे, हे आमच्या घराला इतक्या वर्षांनी कळलं. कपाळाला कुंकू, अंबाड्यात मोगरा, गळ्यात मंगळसूत्र आणि खाली पोटऱ्यांपर्यंत झुलणारा हिरवा घेर. कुणी म्हणेल विचित्र दिसत असेल. मुळीच नाही. ती त्या पाकिटावरच्या मडमेपेक्षा देखणी दिसत होती, कारण मडमेला तो घालून कुठं जायचं नव्हतं आणि हिला जायचं होतं. बाहेर पडायचा रस्ता दुकानातूनच. अण्णा टेबलाशी उभे होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"फिर," ते म्हणाले.

वैनी फिरली. घेर फुलला आणि खाली बसला. अण्णा टेबलामागून बाहेर आले, तिच्या पाठीमागे उभे राहिले, डोळे बारीक केले. 

"डाव्या खांद्याला पाव बोट जास्त आहे."

"असू दे, अण्णा," वैनी म्हणाली. "ते माझं आहे."

आमच्या दुकानात अण्णांनी दाखवलेली चूक कुणी 'असू दे' म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नव्हतं.  मग ते म्हणाले, "पाठ बरी बसलीय." ज्यांना अण्णा माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, त्यांनी स्वतःच्या मुलाच्या कामाला आजवर याहून जास्त चांगलं म्हटलेलं नाही.

आणि आम्ही संपिगे रोडला गेलो. दादा, वैनी आणि मी. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो तिच्यापासून दोन पावलं मागे नाही, बरोबरीनं चालत होता. लोक बघत होते. का नाही बघणार? दोन गिऱ्हाइकांनी नमस्कार करायला उचललेले हात अर्ध्यावर राहिले. एक म्हातारे गृहस्थ तर वळून बघता बघता केळ्यांच्या गाडीवर आदळले. वैनीची चाल मात्र शांत होती. देवळाशी बसणारी फुलवाली, जिच्याकडून आम्ही रोज फुलं घ्यायचो, ती मोठ्यानं ओरडली, "एनक्का, शूटिंगा?" काय अक्का, सिनेमाचं शूटिंग आहे काय? सगळे थांबून बघायला लागले. वैनीही थांबली. घेर दोन्ही हातांनी जरा उचलला आणि भर रस्त्यात ऐकवलं, "हौदम्मा, नाने हीरोइन!" होय बाई, मीच हीरोइन. फुलवालीनं टाळी वाजवली आणि हातभर मोगरा फुकट दिला. आम्ही आठव्या क्रॉसवर उभ्यानं कॉफी प्यायलो, एक बाय-टू, म्हणजे एका कॉफीत दोघं, आणि एक पूर्ण. पूर्ण वैनीची. कॉफीचा पेला हातात घेऊन ती रस्त्याकडे बघत उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. एवढं मोठं यश माझ्या ओळखीत दुसऱ्या कुणाला मिळालेलंही नाही.

पुढं गल्लीतल्या बायका मागे लागल्या, आम्हालाही असलं शिवून द्या. वैनीनं एकही ऑर्डर घेतली नाही. "ऑर्डर आली की तारीख आली," म्हणायची. दिवसभर काज-बटणं चालूच राहिली, त्यात काही बदललं नाही. पण नंतरच्या रविवारी एक गोष्ट घडली. जेवणं झाल्यावर अण्णांनी टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा केले, कोरड्या फडक्यानं टेबल पुसलं आणि बाहेर पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले.  वैनी दारात उभी राहून त्या रिकाम्या टेबलाकडे बघत राहिली. मग आपलं कापड घेऊन त्या टेबलाशी गेली. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ते टेबल तिचं झालं. अण्णा ऊन असो, ढग असो, पायरीवर. ती आत कापायची, मी वाचायची. सूचना पाठ झाल्यावर मी वर्तमानपत्र वाचायला लागले, पण वाचत राहिले. निळा झगा झाला, पट्ट्यापट्ट्यांचा झाला, एक भला मोठ्या कॉलरचा झाला. मधेच ती म्हणायची, "शालू, एकदा तू काप की." मी म्हणायची, "मला कुठलं जमतंय? तू काप, मी वाचते."

तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही तिघं जेवलो.  जेवण झाल्यावर अण्णा उठले. आता त्यांना भिंतीचा आधार लागतो. ते दुकानात गेले, टेबलावरचे खडूचे तुकडे गोळा केले, कोरड्या फडक्यानं टेबल पुसलं, कोपरेसुद्धा, आणि बाहेर पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसले. दादानं ते पाहिलं आणि ओंजळीत तोंड लपवलं. मी ताटं तशीच ठेवली. त्या टेबलाकडे बघवत नव्हतं, आणि ते तसंच रिकामं सोडून आत जाववतही नव्हतं. वैनीच्या ट्रंकेत एक कोरं कापड होतं, गडद पिवळं, ती पुढं कधीतरी कापणार होती. ते घेऊन मी दुकानात आले. दादानं मला बघितलं, कापड बघितलं.  डोळे पुसून त्यानं गळ्यातला टेप काढला आणि म्हणाला, "ये, उभी राहा सरळ."

मी पन्नाशीला आलेय, आणि वडलांच्या त्या टेबलाशी मी पहिल्यांदा कापायला उभी होते. कापड अंथरलं, त्यावर वैनीनं हाताळून मऊ झालेला कागद ठेवला, रेघ मारली. वैनीची कात्री जड होती. मी ती चालवली आणि पहिलाच काप वाकडा गेला. बाहेर बसलेल्या अण्णांना तो आवाजावरूनच कळला असावा. मान न वळवता ते म्हणाले, "स्वल्प सावकाश, शालू. कापड आपलंच आहे."